चावी काढली तरी इंजिन थांबत नाही? हेड उघडण्याआधी स्लो स्क्रू बघा

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, कार्बोरेटरवाली (इंजिनसाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग असलेली) मारुती ८०० किंवा ओम्नी. घाट चढून आल्यावर चावी बंद केली, तरी इंजिन अख्खी गाडी हलवत पाच-दहा सेकंद धडधडत राहतं. गॅरेजमध्ये यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘कार्बन साचलाय, हेड उघडावं लागेल.’ हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. कधी ते खरंही असतं, पण सुरुवात तिथून करायची नसते.

तूर्त ते थांबवायचं कसं? क्लच दाबून टॉप गिअर टाका, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक घट्ट दाबा, चावी बंद करा आणि क्लच सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडेल. ‘थांबेल आपोआप’ म्हणून धडधडू देऊ नका. अशा वेळी इंजिन कधी कधी उलटंही फिरतं. मग ऑइल पंपही उलटा फिरतो आणि बेअरिंगना दाबाने ऑइल मिळत नाही.

आता आवाज ऐका. चावी काढल्यावरही इंजिन नेहमीसारखं गुळगुळीत चालत असेल, तर दोष विजेचा आहे. चावी बंद असताना इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला टेस्ट लॅम्प लावा. तो पेटला तर करंट कुठून तरी येतोय: चावीचा स्विच चिकटलाय, रिले अडकलाय किंवा अल्टरनेटरच्या लाल दिव्याच्या वायरमधून उलटा करंट शिरतोय. इलेक्ट्रिशियनकडे जा, पुढचं वाचायची गरज नाही.

आवाज अडखळत, खडखडत येत असेल तर तुमच्या प्लगला करंट नाही. सिलिंडरमधलं काहीतरी लाल होऊन मिश्रण पेटवतंय, आणि कार्बोरेटर त्याला पेट्रोल पुरवतोय. निखारा आणि पेट्रोल, दोन्ही असतील तरच हे घडतं. इंजेक्शनच्या गाडीत चावीबरोबर इंजेक्टर बंद होतात, म्हणून तिथे हा आजार सहसा दिसत नाही. निखारा विझवण्यापेक्षा पेट्रोल तोडणं स्वस्त, म्हणून सुरुवात कार्बोरेटरपासून.

इंजिन पूर्ण गरम करा, चोक पूर्ण उघडा आहे ना बघा, एसी आणि दिवे बंद ठेवा, टॅकोमीटर (आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते दाखवणारा) लावा. बहुतेक जुन्या गाड्यांचं स्लो (पेट्रोलच्या पेडलवर पाय नसतानाचा इंजिनचा वेग) ८०० ते ९०० आरपीएमच्या आसपास असतं. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. ११००-१२०० दिसत असेल तर थ्रॉटलची झडप गरजेपेक्षा जास्त उघडी आहे आणि चावी काढल्यावरही इंजिन तिथून मिश्रण ओढतंय. कार्बोरेटरवरचा स्लो स्क्रू सैल करून आरपीएम खाली आणा. बऱ्याच गाड्यांचा आजार इथेच संपतो.

स्लो खाली आणल्यावर गाडी बंद पडते? मग स्क्रू कोणी आणि का पिळला होता, ते शोधा. नेहमीचं कारण म्हणजे मागे पडलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या) पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, ठिणगी उशिरा पडू लागते. उशिराच्या ठिणगीने इंजिन मंद चालतं, म्हणून मिस्त्री स्लो वाढवून देतो. त्यात उशिरा पेटलेल्या मिश्रणाची उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी साचते. म्हणजे निखाराही वाढला आणि पेट्रोलही! म्हणून आधी पॉइंट गॅप (साधारण ०.४ ते ०.५ मिमी), मग टायमिंग, आणि स्लो सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केलात तर कामही पुन्हा करावं लागेल, कारण गॅप बदलला की टायमिंग हलतंच.

पुष्कळ कार्बोरेटरवर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी झडप, असतो. चावी काढली की त्याची सुई स्लो जेट (स्लोसाठी पेट्रोल येणारं बारीक भोक) बंद करते. चावी ऑन करून त्याची वायर काढा-लावा, ‘टक्’ असा आवाज यायला हवा. मग इंजिन स्लोवर असताना वायर काढा, इंजिन बंद पडलं पाहिजे. आवाज येतो पण इंजिन चालूच राहतं, तर सोलेनॉइड खोलून सुई आहे का बघा. सोलेनॉइड जळला की गाडी स्लोवर टिकत नाही, आणि अशा वेळी सुईचं टोक कापून गाडी परत देण्याचा जुगाड सर्रास चालतो. त्यावर उपाय एकच, नवा सोलेनॉइड.

मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असेल तरी आतली उष्णता वाढते. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅसकिटवर आणि व्हॅक्युम पाइपांच्या जोडांवर साबणाचं पाणी फवारा. आरपीएम बदललं तर तिथून हवा ओढली जातेय. इथे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोलही लक्षात घ्या. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण साधारण ७-८ टक्के पातळ पडतं. मिक्श्चर स्क्रू आत घेत इंजिन अडखळेपर्यंत जा, मग सर्वांत वेगवान आणि गुळगुळीत चालेल तिथपर्यंत बाहेर या आणि स्लो पुन्हा लावा. स्क्रू तळाशी आवळू नका, टोकाला खाच पडते.

एवढं करूनही धडधड राहिली तर निखाऱ्याकडे वळा. प्लग काढून बघा. इन्सुलेटर (टोकाचा चिनी मातीचा भाग) पांढराफटक, फोड आल्यासारखा दिसला तर प्लग जास्त तापतोय. नंबर तपासताना एक घोळ टाळा: एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉश कंपनीच्या प्लगमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. बॉशच्या डब्ल्यू७ च्या जागी डब्ल्यू८ बसवला असेल तर तो गरम पडतो. रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंखाही बघून घ्या.

हेडची पाळी या सगळ्यानंतर. उघडलंच तर अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी पट्टी चालवू नका, लाकडाची किंवा पितळेची घ्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वारंवार ग्राइंड करून कड सुरीसारखी पातळ झाली असेल तर तो बदला, नुसता कार्बन खरवडून ती कड लाल व्हायची थांबणार नाही.