ग्राफिक डिझाइनच्या पदवी प्रवेशासाठी पोर्टफोलिओ कसा तयार करावा

पोर्टफोलिओच्या, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांच्या संग्रहाच्या, कामाला हात घालण्यापूर्वी तो कोणाला दाखवायचा आहे हे निश्चित करावे, कारण सगळ्याच संस्था तो मागत नाहीत. महाराष्ट्रात सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेद्वारे होणाऱ्या उपयोजित कलेच्या (अप्लाइड आर्ट) प्रवेशासाठी वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र परीक्षागृहात बसूनच काढावे लागते व सामान्य ज्ञानाची प्रश्नपत्रिका सोडवावी लागते. घरी केलेली कामे तिथे कोणी पाहत नाही. मुंबई आयआयटी घेत असलेल्या यूसीड या डिझाइन पदवीच्या प्रवेशपरीक्षेचेही तसेच आहे. याउलट पुण्याच्या सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये लेखी परीक्षेतून निवड झाल्यावर पोर्टफोलिओचे परीक्षण आणि मुलाखत एकत्रच होते, आणि अमेरिकेतील ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन विद्यार्थ्याकडून १२ ते २० कामे ऑनलाइन मागवते. नियम वर्षागणिक बदलत असल्यामुळे ज्या संस्थांना अर्ज करायचा आहे त्यांची चालू वर्षाची माहितीपुस्तिका काढून कामांची संख्या, फाइलचा आकार आणि अंतिम तारीख एका कागदावर लिहून ठेवावी. बारावीच्या वर्षात बोर्डाची परीक्षा आणि प्रवेशपरीक्षा एकमेकींच्या अंगावर येतात. म्हणून अकरावीनंतरच्या उन्हाळी सुट्टीत या कामाला लागलेले बरे.

हाताशी काय आहे ते आधी पाहावे

बहुतेक मराठी विद्यार्थ्यांकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या सरावाची भरपूर चित्रे असतात. त्यांनी हात वळलेला असतो हे खरे, पण फडक्यावर ठेवलेली बादली आणि दोन वांगी असे स्थिरचित्र परीक्षकांनी असंख्य वेळा पाहिलेले असते. अशा चित्रांतील एक किंवा दोन उत्तम निवडून बाकीची बाजूला ठेवावीत. क्लासमध्ये एकाच विषयावर सगळ्यांनी केलेली पोस्टरेही शक्यतो टाळावीत. सरांनी शेवटचा हात फिरवलेले काम लगेच ओळखू येते, कारण शेजारच्या पानावरची रेघ तितकी सराईत नसते. छायाचित्रावर चौकटी आखून काढलेली नटांची किंवा क्रिकेटपटूंची पेन्सिल व्यक्तिचित्रे नातेवाइकांना कितीही आवडत असली तरी डिझाइनच्या परीक्षकाला त्यांतून विद्यार्थ्याविषयी फारसे काही कळत नाही.

त्याऐवजी प्रत्यक्ष पाहून केलेली झटपट रेखाटने जमवावीत. खिशात मावेल असे स्केचबुक जवळ बाळगून रिक्षाच्या रांगेतली माणसे, देवळाबाहेर काढून ठेवलेल्या चपला, कांदा चिरणाऱ्या आईचे हात, उघडी शिवणयंत्राची पेटी असे जे समोर येईल ते काढत राहावे. चपलांच्या एका ढिगात लघुदर्शन (आपल्याकडे रोखलेली वस्तू आखूड दिसणे), एकमेकांवर येणारे आकार आणि त्यांच्यामधली रिकामी जागा या तिन्ही गोष्टींचा सराव होतो. या वहीतली पाने फाडू नयेत आणि खोडरबराने साफही करू नयेत; ती जशी आहे तशीच मुलाखतीला न्यायची असते.

अक्षरांकडे दुर्लक्ष नको

ग्राफिक डिझाइन हा बव्हंशी अक्षरांचा व्यवसाय आहे आणि तरीही बहुतेक पोर्टफोलिओंत अक्षर शोधावे लागते. मराठी विद्यार्थ्याला तर इथे मोठी संधी आहे. नाटकांच्या जाहिरातींतून कमल शेडगे यांनी घडवलेली शीर्षके, र. कृ. जोशी यांचे देवनागरी अक्षरयोजनेतील काम, अच्युत पालव यांनी मोडी लिपीच्या वळणांतून उभे केलेले सुलेखन ही परंपरा आपल्या भाषेतच उपलब्ध आहे. तिची नक्कल करू नये, पण ती डोळ्यांखालून घालावी आणि मग बोरू किंवा पट्टीसारखे तोंड असलेला कटनिब पेन घेऊन एकच अक्षर पानभर लिहून पाहावे. पेनाचा कोन न बदलता लिहिले तर कोणत्या दिशेची रेघ जाड आणि कोणत्या दिशेची बारीक उमटते हे हाताला समजते. रफार, वेलांटी आणि उकार शिरोरेषेच्या वर-खाली किती जागा मागतात हेही तिथेच कळते, आणि पुढे मराठी मजकुराच्या दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा अधिक अंतर का ठेवावे लागते याचा उलगडा होतो.

संगणकावर अक्षररचना करताना एका गोष्टीची खबरदारी घ्यावी. इनडिझाइनसारख्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय निवडलेला नसेल तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. असे एक जरी पोस्टर पोर्टफोलिओत राहिले तर इतर कामांवरचा विश्वास उडतो, आणि तो उडायलाच हवा. फॉन्टसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात, तसेच इंकस्केप आणि क्रिटा ही चित्रे काढण्याची सॉफ्टवेअरही विनामूल्य आहेत.

एक प्रकल्प तळापर्यंत न्यावा

सुटी चित्रे कितीही चांगली असली तरी त्यांच्या जोडीला किमान एक प्रकल्प असा हवा की ज्यात प्रश्न शोधण्यापासून उत्तर तपासण्यापर्यंतचा सगळा प्रवास दिसेल. त्यासाठी काल्पनिक कॉफी शॉपचे बोधचिन्ह घेऊ नये. अशा बोधचिन्हांचा सुकाळ आहे, आणि जे दुकानच अस्तित्वात नाही त्याचे गिऱ्हाईक कोण हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्या गावच्या एसटी स्थानकावरील वेळापत्रकाचा फलक घेऊन पाहा.

पहिल्या दिवशी काहीही न रेखाटता फलकासमोर तासभर उभे राहावे. प्रवासी आधी काय शोधतो, गावाचे नाव की वेळ? किती जण फलक पाहूनही शेवटी चौकशीच्या खिडकीकडे वळतात? फलकावर १५.१० लिहिलेले असते आणि आजी मात्र ‘तीनची गाडी’ विचारत असतात, तेव्हा मनातल्या मनात बारा वजा करण्याचे काम कोण करत असते? ‘मार्गे’ या रकान्यातली गावे इतक्या बारीक अक्षरांत का आहेत, आणि मधल्या गावाला उतरणाऱ्याने आपली गाडी कशी ओळखायची? फलक किती उंचीवर आहे, माणसे किती अंतरावरून वाचतात आणि संध्याकाळी त्यावर कोणत्या दिव्याची चकाकी येते याची मोजमापे व टिपणे घ्यावीत, व फलकाचे छायाचित्र काढावे.

घरी आल्यावर आगपेटीएवढ्या चौकटींत भराभर निरनिराळ्या मांडण्या काढाव्यात: गावांच्या नावांनुसार, दिशेनुसार, सकाळ-दुपार-रात्र अशा गटांनुसार. त्यातल्या दोन मांडण्या ब्राऊन पेपरवर प्रत्यक्ष आकारात लिहून घराच्या भिंतीवर लावाव्यात, फलकाइतक्याच अंतरावर शेजारच्या काकांना उभे करावे आणि दुपारनंतरची नाशिकची पहिली गाडी शोधायला सांगावे. ते अडखळले की कुठे अडखळले ते लिहून ठेवावे. दिशेनुसार केलेली मांडणी नकाशा पाठ असलेल्यालाच सोयीची आहे असे बहुधा लक्षात येईल आणि ती बाद करावी लागेल. बाद झालेली मांडणी मात्र पोर्टफोलिओत जरूर ठेवावी, तिच्याखाली बाद होण्याचे कारण एका वाक्यात लिहावे आणि मगच अंतिम फलक दाखवावा. या प्रकल्पाला चार ते सहा पाने सहज लागतात, आणि मुलाखतीतले निम्मे प्रश्न याच पानांवरून निघण्याची शक्यता असते.

निवड, क्रम आणि श्रेय

संस्थेने संख्या दिली नसेल तर साधारण पंधरा ते वीस पाने पुरतात. सगळ्यांत भक्कम काम सुरुवातीला, दुसऱ्या क्रमांकाचे शेवटी आणि मोठा प्रकल्प मध्याच्या आसपास ठेवावा. ‘एवढी मेहनत घेतली होती’ या कारणाने एखादे काम आत शिरू पाहत असेल तर ते बाहेर काढावे, कारण मेहनत पानावर दिसत नाही. मातीकाम, छायाचित्रण, गणपतीची आरास, शाळेच्या हस्तलिखिताचे मुखपृष्ठ हे सगळे चालते. मात्र प्रत्येक कामाखाली वर्ष, माध्यम आणि मूळ आकार लिहावा. काम चौघांनी मिळून केले असेल तर आपला वाटा स्पष्ट सांगावा. दुसऱ्याचे छायाचित्र संदर्भासाठी वापरले असल्यास तसे नमूद करावे, आणि एआयने तयार केलेली प्रतिमा आपली म्हणून घुसडू नये. बऱ्याच संस्था स्वतःच्या कामाचे हमीपत्र लिहून घेतात आणि समोर बसवून तेच काढायला सांगितले तर पंचाईत होते.

छायाचित्रे, फाइल आणि छपाई

स्कॅनरमध्ये न मावणारी चित्रे खिडकीशेजारी, थेट ऊन नसताना, भिंतीवर सपाट लावून टिपावीत. कॅमेरा चित्राच्या मध्यासमोर आणि चित्राला समांतर धरावा, म्हणजे कडा तिरक्या होत नाहीत, आणि ट्यूबलाइट बंद ठेवावी, कारण दोन प्रकारच्या उजेडात पांढरा कागद एका बाजूने निळसर व दुसऱ्या बाजूने पिवळट येतो. पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकट राखाडी असावी. फुलाफुलांच्या किनारी आणि सावल्या देऊन सजवलेली पाने चित्रालाच खाऊन टाकतात. छापील प्रतीसाठी ए-थ्री आकार, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर, हाताळायला सोयीचा असतो. प्रतिमा छपाईच्या आकारात ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) असाव्यात आणि पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे रंग छापल्यावर मंदावतात हे लक्षात घेऊन आधी एकच पान छापून पाहावे. ऑनलाइन अर्जाची पीडीएफ वेगळी बनवून दिलेल्या मर्यादेत बसवावी. ती फोनवर उघडून लहान अक्षरातल्या टिपा वाचता येतात का हे तपासावे आणि फाइलला ‘फायनल_नवीन_२’ असे नाव न देता स्वतःचे नाव व अर्ज क्रमांक द्यावा.

मुलाखतीला जाताना छापील प्रतीबरोबर स्केचबुक, दोन-तीन मूळ चित्रे आणि पेनड्राइव्ह न्यावा. चकाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत पाने घालू नयेत, कारण दिव्याखाली ती आरशासारखी वागतात. आदल्या दिवशी घरातल्या कोणालाही समोर बसवून पोर्टफोलिओ उघडावा आणि प्रत्येक पानावर ‘हे असेच का केले?’ एवढे विचारायला सांगावे. ज्या पानाचे उत्तर ‘छान दिसत होते म्हणून’ इतकेच निघेल ते पान अजूनही काढता येते.