पिकअपचं अ‍ॅव्हरेज वाढवायचं असेल तर

मोहोळहून कांदा भरून सोलापूरच्या मार्केट यार्डात यायचं, परतीला गाडी रिकामी. माझं डिझेल जास्त जायचं ते परतीलाच, कारण रिकाम्या गाडीवर पाय आवरत नाही. वेग ६० वरून ८० केला की हवेचा रोध जवळजवळ पावणेदोनपट होतो. आता पुणे हायवेला मी साठच्या आसपास, टॉप गिअरलाच चालवतो. ताडपत्री घडी करून हौद्यात दाबून ठेवा. फडफडत राहिली तर गाडी मागं ओढते.

टायरची हवा पहाटे, टायर गार असताना तपासा. मे महिन्यात दुपारी तापलेला टायर हवा जास्त दाखवतो. मी एकदा ती सोडली, सकाळी टायर बसलेला! किती हवा हवी ते दाराजवळच्या स्टिकरवर असतं, भरल्या गाडीचा आकडा बहुतेक वेळा वेगळा.

शेताच्या फुफाट्यानं एअर फिल्टर लवकर चोंदतो, तो बघत जा. यार्डाच्या रांगेत इंजिन बंद.

आणि अंदाजानं बोलू नका. टाकी फुल करा, किलोमीटर वहीत लिहा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल. धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागा.