चौदा पाय, सात पट्टे: कुंडीखालच्या जिवाचं शास्त्रीय चित्र कसं काढायचं

चित्रकला येत नसली तरी हे काम जमतं. मोजायचा कंटाळा असेल तर मात्र जमत नाही. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. पंप, व्हॉल्व्ह, फ्लँज यांची पेन्सिलीतली ड्रॉइंग्ज शाईने ट्रेसिंगवर उतरवायची, एवढंच काम. कॉम्प्युटर आले, ट्रेसर गेले, पेनं माझ्याकडे राहिली. पुढे प्राणिशास्त्र शिकणाऱ्या भाचीने एक भुंगेरा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, व्हॉल्व्ह काढायचीस तसाच हा काढ." ती गंमत करत होती, पण बोलली ते खरं होतं. कीटकाचं शास्त्रीय चित्र हे पार्ट ड्रॉइंगच असतं. ते बघून दुसऱ्या माणसाला तीच जात ओळखता आली पाहिजे. वर ते देखणं झालं तर उत्तम, पण त्याचे वेगळे मार्क नाहीत.

पहिल्या चित्राला फुलपाखरू घेऊ नका. घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत जाऊन आलेला प्रत्येक जण नीलवंतापासून सुरुवात करायला बघतो आणि रंगात अडकतो. बाल्कनीतली एखादी कुंडी उचला. खालच्या ओलीत राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचे, अर्ध्या-एक सेंटिमीटरचे जीव पळताना दिसतील. त्यातले काही हात लावला की गोळी होतात. इंग्रजीत त्यांना वुडलाऊस म्हणतात. हा कीटक नव्हे. खेकडा-कोळंबीच्या कुळातला, जमिनीवर राहायला आलेला प्राणी आहे. शिकायला याच्यासारखा दुसरा नाही, कारण त्याचे सगळे भाग मोजता येतात.

तर आधी मोजा. पेन्सिल उचलायच्या आधी वहीत यादी करा, कारखान्यात पार्ट लिस्ट करत असू तशी. डोकं एक, त्याच्या दोन्ही बाजूंना डोळे. मग सात रुंद पट्टे, प्रत्येक पट्ट्याला पायांची एक जोडी, म्हणजे १४ पाय. त्यामागे पाच अरुंद पट्टे. गोळी होणाऱ्यांमध्ये यातल्या पहिल्या दोनांच्या कडा पुढच्या पट्ट्याखाली दडलेल्या असतात, म्हणून घाईत तीनच मोजले जातात. शेवटी एक छोटी पाचर आणि तिच्या दोन्ही बाजूंना शेपटीसारखे अवयव. मिशा दोन दिसतात, खऱ्या चार असतात. पुढची जोडी इतकी बारीक की भिंगाशिवाय सापडत नाही. मोठ्या मिशीच्या टोकाकडचा भाग नीट बघा: तिथे दोन सांधे आहेत की तीन, यावरून बऱ्याचदा कूळ ठरतं. चित्रात तिथे अंदाजे एक बारीक रेघ मारून सोडलीत तर बाकीचं सगळं चित्र बरोबर असूनही तज्ज्ञाच्या उपयोगाचं नाही.

पाय १२ च भरले तर घाबरू नका. आईच्या पोटाखालच्या पिशवीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाला पायांच्या सहाच जोड्या असतात. मागचा अर्धा भाग फिकट आणि पुढचा गडद दिसला तर तो नक्षीचा भाग नव्हे. हा प्राणी कात दोन हप्त्यांत टाकतो, आधी मागची अर्धी, मग पुढची. असा नमुना बाजूला ठेवा, दुसरा घ्या.

नमुना कुठून आणायचा? घरातून. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली सकाळी जे मरून पडलेलं असतं, त्यावर वर्षभर सराव होईल. येऊरला फिरायला जाल तेव्हा बघा, फोटो काढा, पण काही उचलू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे. खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्यही तसंच. मिळालेल्या प्रत्येक जिवाबरोबर त्याच वेळी चिठ्ठी लिहा: जागा, तारीख, कशाखाली किंवा कशावर मिळाला, कोणी उचलला. पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. मऊ अंगाचे जीव ७० टक्के अल्कोहोलमध्ये, भुंगेरे सुके. सुक्यांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, नाहीतर आपल्याकडच्या जुलैत आठवडाभरात बुरशी धरते.

हल्ली मोबाइलवर इतके सुंदर फोटो येतात, मग चित्र कशाला, असं सोसायटीत सगळे विचारतात. फोटो त्या एका जिवाचा असतो, त्याच्या तुटक्या मिशीसकट आणि पाठीवरच्या मातीसकट. चित्र पाच नमुने बघून काढता येतं: एकाची मिशी शाबूत, दुसऱ्याचे पाय. नको ते गाळता येतं, हवं ते उघडं करता येतं. आणि काही ठिकाणी नमुनेच इतके थोडे असतात की असलेल्या प्रत्येकातून जेवढं काढता येईल तेवढं कागदावर आणावं लागतं.

सेंट हेलेना हे असं ठिकाण. नेपोलियनला इंग्रजांनी नेऊन ठेवलं ते बेट. आपण राहतो ती साष्टीही बेटच, पण इथे कळव्याचा पूल ओलांडला की झालं. सेंट हेलेना आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटर समुद्रात आहे, प्रवासी विमानं नियमित उतरू लागली ती २०१७ मध्ये. शेकडो बिनकण्याचे जीव जगात फक्त तिथेच आहेत. त्यातच आपल्या कुंडीखालच्याचा एक भाऊबंद: पिवळाधमक, अंगभर काटे, डोंगरमाथ्यावरच्या ढगांच्या जंगलात नेच्याच्या पानांवर राहणारा, नामशेष होण्याच्या काठावरचा. त्याच बेटावर एक इअरविग होता, शेपटीला चिमटा असलेला, ८ सेंटिमीटरच्या आसपास लांब, त्याच्या जातभाईंत जगात सर्वांत मोठा. जिवंत असा शेवटचा १९६७ मध्ये दिसला आणि २०१४ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आता ज्याला त्याचं चित्र काढायचंय त्याला संग्रहालयातले नमुने आणि आधीच्यांनी केलेल्या नोंदी, एवढंच हाताशी. म्हणून मोजण्यावर मी इतका जोर देते.

आता मांडणी. नमुना आडवा-तिडवा कलंडतो, हीच पहिली डोकेदुखी. उपाय औषधाच्या दुकानात मिळतो: पारदर्शक, जेलसारखा हँड सॅनिटायझर. छोट्या काचेच्या बशीत थोडा घाला, बुडबुडे टाचणीने फोडा, त्यात नमुना हव्या त्या कोनात बसवा. तो तसाच राहतो, वाळतही नाही. काम झालं की अल्कोहोलमध्ये धुवून परत बाटलीत. कडक वाळलेला भुंगेरा मात्र आधी ओल्या टिश्यूबरोबर बंद डब्यात रात्रभर ठेवा, मग पाय हलतात. घाई केलीत तर तुटतात. टाचणी लावायची तर भुंगेऱ्याला उजव्या पंखकवचातून, म्हणजे डावी बाजू चित्रासाठी शाबूत राहते.

स्टीरिओ मायक्रोस्कोप असेल तर छान, त्याला चित्र काढायची नळी जोडता येत असेल तर आणखी छान. तिच्यातून नमुना आणि आपला हात एकावर एक दिसतात. मूळ कल्पना जुनी, वोलस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०६ मध्ये कॅमेरा ल्युसिडाचं पेटंट घेतलं होतं. नसेल तर १० पटींचं भिंग आणि मोबाइल पुरे. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, शक्य तितका लांब, आणि झूम करा. जवळ नेलात तर मधला भाग फुगतो, कडा आकसतात. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, पण टेबलावर नको, नमुन्याच्या सर्वांत रुंद कडेच्या उंचीला. पट्टी खाली राहिली तर सगळी मापं फसतात. या फोटोवर चौकटी आखून बाह्यरेषा घ्या, पण पायांचे सांधे, मिशा हे नेहमी भिंगातून प्रत्यक्ष बघूनच.

प्रमाण आधीच ठरवा. नमुना १२ मिमी, चित्र १५ पट, म्हणजे कागदावर १८० मिमी. छापताना निम्मं होईल, ९ सेंमी. निम्मं केलं की हाताची थरथर निम्मी होते, पण रेघही निम्मी होते हे विसरू नका: ०.२ मिमीच्या पेनाने काढलेली रेघ छपाईत ०.१ राहील, त्याहून बारीक काढलीत तर ती गायब होण्याचीच शक्यता. चित्राखाली "१५ पट" असं लिहू नका. स्केलची रेघ काढा, २ मिमी दाखवणारी, म्हणजे तुमच्या कागदावर ३० मिमी लांब. चित्र लहान-मोठं केलं तरी ती रेघ बरोबरीने लहान-मोठी होते, आकडा होत नाही.

मधोमध एक उभी रेघ मारून एकच बाजू पेन्सिलीत नीट काढा, ट्रेसिंग उलटं करून दुसरी उतरवा. सममित प्राण्यांना हे चालतं, पण आंधळेपणाने नको. आपल्या खाडीच्या चिखलातला तो एक नांगी मोठी असलेला खेकडा घ्या. नराची एकच नांगी मोठी, कोणाची डावी, कोणाची उजवी. ढेकणाच्या कुळातल्या किड्यांचे पंख एकावर एक येतात, तेही उलटवून चालत नाहीत.

तुटलेला भाग तुटक रेघेने. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये लपलेली कड तुटक रेघेने दाखवतात ना, तसंच. सलग रेघ म्हणजे "हे मी पाहिलं". दिसलं नाही ते सलग काढणं ही लबाडी आहे, मग ते कितीही सुबक असो.

शाईला ट्रेसिंग पेपर पावसाळ्यात वापरू नका, हवेतल्या ओलीने त्याला लाटा येतात. ड्राफ्टिंग फिल्म, म्हणजे ट्रेसिंगसाठीचा प्लास्टिकचा कागद, महाग पडते पण सरळ राहते. पेनं दोन पुरेत, ०.२ आणि ०.३५, आत शाई भरायची असतात तशी. वापरात नसताना टोक वर करून उभी ठेवा. चुकलेली रेघ दाढीच्या ब्लेडच्या अर्ध्या तुकड्याने हलक्या हाताने खरवडा, ती जागा नखाने घासून गुळगुळीत करा, मगच परत शाई, नाहीतर फुटते. ही युक्ती आम्हा ट्रेसर बायकांची, तिच्यासाठी मला अजून कोणतंही खोडरबर पटलेलं नाही.

छटा ठिपक्यांनी द्यायची. उजेड डावीकडून वरून येतो असं धरायचं, जगभर तसाच रिवाज आहे, त्यामुळे दोन देशांतली चित्रं शेजारी ठेवून तुलना करता येते. दिवाही तिथेच ठेवा. पेन कागदाला अगदी उभं धरा, तिरकं झालं की ठिपक्याला शेपूट फुटतं. सुरुवात सगळ्यात गडद जागेपासून, पट्ट्यांच्या मागच्या कडेखालून, आणि उजेडाकडे विरळ करत या. ठिपके रांगेत येऊ देऊ नका; डोळा रांग लगेच पकडतो आणि वाचणाऱ्याला ती अंगावरची नक्षी वाटते. जिवाच्या अंगावर खरेच बारीक दाणे असतील तर ते वेगळे, बाह्यरेषेने काढा. मान दुखायला लागली की थांबा, कारण थकलेला हात घाईने ठिपके मारतो आणि ते दिसतं.

रंग हवेच असतील तर जिवंत असतानाच वहीत रंगाचे ठिपके लावून नाव लिहून ठेवा. अल्कोहोलमध्ये पिवळे-हिरवे लवकर उतरतात. जिवंत प्राणी पळत असेल तर झाकणाच्या डबीत ओला टिश्यू घालून काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मंदावतो. डबीवर मोठ्या अक्षरात लिहा काय आहे ते, घरात शांतता राहते. रंग दिवसाच्या उजेडातच जुळवा.

स्कॅन रेघांच्या चित्राला १,२०० डीपीआयला, करड्या छटांत नव्हे तर निव्वळ काळा-पांढरा. त्याआधी फिल्मवरची धूळ पुसा, नाहीतर धुळीचा कणही ठिपका होऊन छापला जातो. मूळ चित्राच्या मागे पेन्सिलीने नमुन्याचा क्रमांक, नमुना कोणाकडे आणि कोणत्या बाटलीत आहे, नर की मादी, वरून की कडेने, आणि कोणते भाग दुसऱ्या नमुन्यावरून घेतले, ते लिहा. फाइलच्या नावातही तोच क्रमांक. मग चित्र आणि बाटली दोन्ही तज्ज्ञाकडे एकत्र पाठवा. तज्ज्ञ बाटली उघडून पुन्हा पाय मोजणारच आहे.