मायक्रोन्यूक्लियस चाचणी: वय, लिंग आणि धूम्रपानाचा हिशेब मांडताना या चुका टाळा

पेशी विभागताना गुणसूत्राचा तुटका तुकडा किंवा अख्खं गुणसूत्र मागे राहिलं, की मुख्य केंद्रकाशेजारी एक चिमुकलं केंद्रक तयार होतं. तेच मायक्रोन्यूक्लियस. रक्तातल्या लिंफोसाइटमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींत) ते मोजून जनुकीय हानीचा अंदाज घेतात. चाचणी भरवशाची आहे, पण निष्कर्ष फसतात ते बहुतेकदा कोणाची तुलना कोणाशी केली यातच.

रसायनांच्या कारखान्यातले पन्नाशीचे कामगार एका बाजूला आणि कॉलेजची मुलं दुसऱ्या बाजूला घेतली, तर दिसलेला फरक वयाचाही असू शकतो. वयाबरोबर हे प्रमाण वाढतंच. दोन गटांची सरासरी जुळवून भागत नाही. 25 आणि 65 ची सरासरीही 45 च येते. प्रत्येकाला त्याच लिंगाचा आणि पाच वर्षांच्या आतबाहेरचा जोडीदार शोधा.

सुमारे 7000 जणांच्या 2001 मधल्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात बायकांमध्ये प्रमाण 19 टक्क्यांनी जास्त निघालं. म्हणून बायकांची गुणसूत्रं जास्त तुटतात असं लिहू नका. त्यांच्या मायक्रोन्यूक्लियसमध्ये बरेचदा अख्खं एक्स गुणसूत्र सापडतं. सेंट्रोमिअर प्रोब (गुणसूत्राच्या दोन भुजा जोडणाऱ्या भागाला चिकटून चमकणारी खूण) लावून बघा: चमकलं तर बहुधा अख्खं गुणसूत्र, नाहीतर तुकडा. पुरुषांमध्ये वयानुसार रक्तपेशींतून वाय गुणसूत्र गळतं आणि धूम्रपान करणाऱ्यांत हे गळणं जास्त आढळतं. ते शोधायला वेगळी चाचणी लागते.

सगळ्यात मोठी गफलत धूम्रपानात होते. 2003 च्या विश्लेषणात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये एकंदरीत वाढ दिसली नाही; दिवसाला 30 किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांत, तीही कामावर घातक पदार्थांशी संबंध नसलेल्यांत, दिसली. यावरून ‘सिगारेटने डीएनएला काही होत नाही’ म्हणणं घातक आहे. धुरातलं बेंझोपायरिन हे रसायन डीएनएमधल्या ग्वानिन या ‘अक्षरा’ला चिकटतं आणि ते अक्षर बदलतं. असा बदल मायक्रोन्यूक्लियसमध्ये दिसत नाही. रोज एक पाकीट वर्षभर ओढलं तर फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी 150 उत्परिवर्तनं होतात, असा 2016 चा अंदाज आहे. हानी फुफ्फुसात आणि आपण रक्तात शोधतोय, हे अहवालात स्पष्ट लिहा.

‘धूम्रपान: हो/नाही’ एवढाच रकानाही पुरत नाही. विडी की सिगारेट, रोज किती, किती वर्षं, कधी सोडली, हे विचारा. तंबाखू, गुटखा, मिश्री वेगळी विचारा. आपल्याकडे कधीही विडी न ओढलेली बाई रोज मिश्री लावत असू शकते. ती ‘तंबाखूमुक्त’ गटात गेली की तुलनाच बिघडते. लाळेतलं कोटिनिन (शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ) मिश्रीनेही वाढतं. धूर ओळखायला श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजा, पण तो काही तासांत उतरतो.

रक्त हेपरिनच्या (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाच्या) ट्यूबमध्ये घ्या, गोठवू नका. पेशी वाढवायला ठेवल्यापासून 44 व्या तासाला सायटोकॅलासिन-बी घाला (त्याने केंद्रकं दोन होतात, पण पेशी एकच राहते; हीच द्विकेंद्रकी पेशी), पेशी 72 व्या तासाला काढा. ते घालायला उशीर झाला तर लवकर विभागलेल्या पेशी हातून निसटतात. वयस्कर माणसांच्या पेशी कमी वाढतात, म्हणून द्विकेंद्रकी पेशी पुरेशा मिळाल्या का ते आधी पाहा. मुख्य केंद्रकाच्या व्यासाच्या 1/16 ते 1/3 एवढा व्यास असलेलेच मायक्रोन्यूक्लियस मोजा.

साधारण माणसात 1000 पेशींमागे सहाच्या आसपास मायक्रोन्यूक्लियस असतात. त्यामुळे 200 पेशींत एखादाच हाती लागतो आणि त्यावरून काही सांगता येत नाही. किमान 1000 द्विकेंद्रकी पेशी, जमल्यास 2000 मोजा. दोन्ही गटांच्या स्लाइड सांकेतिक क्रमांक घालून मिसळा आणि मोजणाऱ्याला कोणती कुणाची ते कळू देऊ नका.