शोरूमला जाण्याआधी मीटर बघा: गोव्यातलं घर गॅस-पेट्रोलवरून विजेवर नेताना

आमच्या घरी हा बदल उलट्या क्रमाने झाला. आधी विजेची स्कूटर आली, मग तिच्यासाठी प्लग शोधायला लागलो. स्वयंपाकघरातून एक्स्टेंशनची वायर काढली, खिडकीतून बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या सोप्यात, सोडली. पंधरवड्यात पिन तपकिरी झाली आणि जळक्या प्लास्टिकचा वास घरभर सुटला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "कुठल्याही प्लगला चालते." चालते हे खरंच. किती दिवस, ते मीही विचारलं नव्हतं. तेव्हा तुम्ही सरळ क्रमाने जा.

आधी मीटर, वायर आणि अर्थिंग

विजेचं बिल काढून त्यावरचा मंजूर भार बघा. मग घरातल्या जड वस्तूंची बेरीज करा: इंडक्शन २ किलोवॅट, गिझर २, एसी दीड, विहिरीवरचा एक एचपीचा पंप पाऊण, आणि मोटारगाडी घेणार असाल तर तिचे ३.३. झाले साडेनऊ. सगळं एकदम कधीच चालत नाही, पण संध्याकाळी सात वाजता यातलं निम्मं तरी चालू असतं. बेरीज मंजूर भाराच्या फार पुढे जात असेल, तर वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात भार वाढवण्याचा अर्ज आधी करा, खरेदी नंतर. गरज पडली तर थ्री फेज घ्यावं लागेल.

जुन्या कौलारू घरांत दिवे-पंख्यांपुरतं वायरिंग असतं. इंडक्शन, गिझर आणि गाडी, प्रत्येकाला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा सॉकेट हवा. वायर अडीच चौरस मिलिमीटरची तरी असावी. अंतर लांब असेल किंवा गाडी रात्रभर लावायची असेल तर चारची. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळून शॉक बसू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्या. पावसाळ्यात ओल्या अंगणात गाडीला प्लग लावणारा हात घरातल्याच कोणाचा तरी असतो.

अर्थिंगकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपली जमीन जांभ्याची. एप्रिल-मेमध्ये ती अशी कोरडी पडते की पावसाळ्यात ठणठणीत असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. गाडीचा चार्जर हे ओळखतो आणि लाल दिवा लावून बसतो. लोक मात्र चार्जरला शिव्या देतात. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, त्यावर गेलं तर मीठ-कोळसा घालून खड्डा नवा करा किंवा आणखी एक इलेक्ट्रोड पुरा. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी त्या खड्ड्यात ओतायचं. घरात सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती हीच.

मग शेगडी

लोहचुंबक घेऊन मांडणीसमोर उभे राहा. बुडाला चिकटेल ते भांडं इंडक्शनवर चालेल. लोखंडी तवा, बिडाची कढई आणि इंडक्शन-बुडाचा कुकर पास. तांब्या-पितळेची, साध्या ॲल्युमिनियमची आणि मातीची भांडी नापास. म्हणजे मातीच्या भांड्यातलं हुमण हवंच असेल तर इन्फ्रारेड शेगडी घ्यावी लागेल. ती कुठल्याही सपाट बुडाचं भांडं तापवते, फक्त वीज थोडी जास्त खाते. गोल बुडाची कढई दोन्हीवर बिनकामाची.

परवडेल का? १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटइतकी उष्णता असते. मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असायला हवी. ती गृहीत धरली तर १२० युनिट भांड्यात पोचतात, बाकीचे आपल्याला घाम आणतात. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास धरा. तेव्हा एका सिलिंडरचं काम सुमारे १४० युनिटांत होतं. सिलिंडरच्या भावाला १४० ने भागा आणि येणारा आकडा तुमच्या विजेच्या दराशी ताडून बघा. हा दर बिलाची सरासरी नव्हे, तर तुमचा वापर ज्या शेवटच्या टप्प्यात मोडतो त्या टप्प्याचा घ्यायचा. नवे युनिट तिथेच जाऊन बसणार आहेत. कमी वापराच्या घराला इंडक्शन सहज परवडतं. दोन एसी चालवणाऱ्या घराने कागद-पेन्सिल घेऊनच ठरवावं.

उकड्या तांदळाला वेळ लागतो, तिथे इंडक्शनवरच्या कुकरचा फायदा लगेच कळतो. भाकरी फुगवायला आणि सुकी मासळी भाजायला मात्र आच लागते, तिथे हट्ट करू नका.

न्हाणीतलं पाणी

गॅस गिझर असेल तर तो आधी काढा, शेगडीच्याही आधी. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आतल्या आत कोसळतो.

गिझर बिल फुगवतो ही समजूत थंड प्रदेशांतून आलेली. आपल्या नळाचं पाणी मुळात कोमट. २० लिटरची बादली २७ अंशांवरून ४० वर न्यायला एक तृतीयांश युनिटही पुरतं. पंधरा लिटरचा पाच तारांकित गिझर चौघांच्या घराला पुरे, फक्त अंघोळीआधी पंधरा मिनिटं लावून बंद करायचा. ज्यांच्या घरी अजून तांब्याचं भाण आहे आणि बागेतल्या सुक्या चुडत्या फुकट मिळतात, त्यांना मी काही सांगणार नाही.

स्कूटर, आणि नंतर मोटार

यूट्यूबवरचे बहुतेक हिशेब पुण्या-मुंबईच्या पेट्रोलच्या भावावर मांडलेले असतात. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, म्हणून इथे पैसे वसूल व्हायला जास्त दिवस लागतात. आपला हिशेब आपण मांडायचा. स्कूटर एका युनिटमध्ये तीसेक किलोमीटर जाते. फोंड्याहून पणजीला रोज जाऊन येणाऱ्याला साठ किलोमीटरला दोन युनिट लागतील. पेट्रोलवर, लिटरला ४५ धरले तर, सव्वा लिटरहून थोडं जास्त. इतकी धाव असेल तर घ्या. बाजारापुरतीच गाडी काढत असाल तर जुनी स्कूटर मरेपर्यंत चालवा.

कंपनी सांगते त्या पल्ल्यातून पाव भाग वजा करा. चाचणीला शोरूमसमोरचा सपाट रस्ता नको; मागे माणूस बसवून फर्मागुडीची चढण चढवून बघा. बॅटरी आयपी ६७ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाणी आत न जाऊ देणारी, आहे का, विचारा. चार्जर मात्र पावसात भिजता कामा नये, त्याची जागा पडवीत.

मोटारीला भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर लागतोच असं नाही. साध्या १६ अँपिअरच्या प्लगवर रात्रीच्या दहा तासांत तीसेक युनिट भरतात आणि युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर होतात. पेडण्यापासून काणकोणापर्यंतचा गोवा त्यात मावतो. बेळगावला चोर्ला घाटाने जायचं असेल तर चढणीत बॅटरी भराभर उतरते. परतताना उतारावर थोडी भरून निघते, पण सगळी नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर आपल्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर ओढून घ्या. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे. सोसायटीच्या बैठकीत तो कागद सोबत असू द्या.

पावसाळा काढून बघा

मृगाआधीच्या गडगडाटात आणि परतीच्या पावसात प्लग ओढून ठेवायचे, स्विच बंद करून भागत नाही. बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या. व्होल्टेज फार पडलं की इंडक्शन आपोआप थांबतं. गावाच्या टोकाला राहणाऱ्यांना हे जूनमध्ये कळेलच. म्हणून सगळं विजेवर नेलं तरी एक सिलिंडर एक पूर्ण पावसाळा ठेवा. दुसरा मात्र एजन्सीला परत करून अनामत घ्यायला हरकत नाही.

छपरावरचं सोलर सगळ्यांत शेवटी, कारण वाढलेला वापर कळल्याशिवाय संच केवढा घ्यायचा ते ठरत नाही. २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. माडाची सावली दुपारी छपरावर कुठवर येते, ते एक दिवस घरी राहून बघा.

आमच्याकडचा सिलिंडर अजून आहे. चवथीला खतखत्याचा टोप इंडक्शनच्या काचेवर मावत नाही, आणि त्या दिवशी तो लहान करा म्हणून आईला सांगायला घरात कोणी तयार नाही.