‘स्कॅन करता आली नाही’ म्हणजे ‘व्हायरस सापडला’ नव्हे

महिन्यातून दोन-तीन फोन ठरलेले: “अँटीव्हायरसने स्कॅन केलं, खाली ‘स्कॅन करता आली नाही’ म्हणून सतरा फायली आल्यात. उडवू का?” अहो, आधी पुढचं कारण तरी वाचा! बहुतेकदा ‘पासवर्ड आहे’ किंवा ‘फाइल वापरात आहे’ एवढंच लिहिलेलं असतं. अँटीव्हायरसला आत बघता आलं नाही, विषय संपला.

एका सीएंच्या ऑफिसात ऐन मार्चअखेर नव्या मुलाने अशा यादीतल्या सगळ्या झिप फायली शिफ्ट-डिलीट केल्या. ते अशिलांच्या हिशेबांचे बॅकअप होते, साहेबांनीच पासवर्ड लावून ठेवलेले. रिसायकल बिन अर्थातच रिकामा. रात्री दीडपर्यंत रिकव्हरी लावून बसलो. अकरापैकी सात मिळाल्या, त्यातल्या दोन उघडेनात. जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती म्हणून तेवढ्या तरी हाती लागल्या. एसएसडी असती तर ट्रिममुळे (डिलीट केलेल्या फायलींची जागा साफ करणारी सोय) बहुधा तेवढ्याही नाही. मुलगा म्हणतो, “यादी लांब होती, म्हणून कंट्रोल-ए केलं.” वाचायला पाच मिनिटं नाहीत, निस्तरायला माझी रात्र आहे!

पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची) आणि हायबरफिल (हायबरनेटसाठीची) या फायली विंडोज चालू असताना स्वतःच धरून ठेवतं. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

‘डिकम्प्रेशन बॉम्ब’ (म्हणजे उघडली की प्रचंड फुगणारी फाइल) वाचून घाबरू नका. पुष्कळदा ती खूप दाबून भरलेली मोठी फाइल असते.

आता उलटी चूक. पासवर्डची झिप नेहमी निरुपद्रवीच असते असं समजू नका. इमोटेट नावाचा व्हायरस मेलमधून पसरवणारे हेच करायचे: मेलला झिप जोडायची आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहायचा. मेल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आत शिरता येत नाही, माणूस मात्र पासवर्ड टाकून आपल्या हाताने दार उघडतो. ई-आधारची पीडीएफही या यादीत येते, पण ती तुम्ही स्वतः उतरवलेली असते, पासवर्ड कसा बनतो तेही ठाऊक असतं. न मागता आलेल्या ‘इनव्हॉइस’चं तसं नाही. पाठवणाऱ्याला मी आधी फोन करतो. त्याने हो म्हटलं तरच झिप नव्या फोल्डरमध्ये सोडवतो आणि आतल्या कशावरही डबल क्लिक न करता फोल्डरवर राइट क्लिक करून स्कॅन लावतो. झिप सुटली की अँटीव्हायरसला आतलं दिसतं.

एका मशीनवर दोन अँटीव्हायरस नकोत, एकमेकांच्या फायली अडवत बसतात.

आणि इशाऱ्यांची कटकट नको म्हणून अख्खा डी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये (स्कॅनमधून वगळायच्या यादीत) टाकणाऱ्यांनी मला फोन करण्याआधी ती नोंद काढून टाकावी. मी आल्यावर पहिल्यांदा तिथेच बघतो.