अँजेलासाठी वेगळा शेवट लिहिताना

कोनामीचा ‘सायलेंट हिल २’ हा भयकथात्मक गेम २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. मृत पत्नीचे पत्र हाती आल्यामुळे जेम्स संडरलँड धुक्याने भरलेल्या गावात येतो आणि खेळाडू कसा खेळतो त्यावर त्याच्या कथेचा शेवट ठरतो. एका शेवटात तो लहानग्या लॉरासह गाव सोडतो, तर दुसऱ्यात तळ्यात बुडून जीव देतो. आईच्या शोधात त्याच गावात आलेल्या अँजेला ओरोस्कोला मात्र असा पर्याय मिळत नाही. खेळाडूने काहीही केले तरी ती हॉटेलातल्या पेटलेल्या जिन्यावरून वर जाते आणि पुन्हा दिसत नाही. ब्लूबर टीमच्या २०२४ च्या रिमेकमध्ये दोन नवे शेवट जोडले गेले, पण अँजेलाचे भवितव्य तेच राहिले. तिच्यासाठी सुखान्त लिहावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

लिहायला बसण्यापूर्वी जेम्स आणि अँजेला यांच्या चारही भेटी पुन्हा पाहाव्यात: स्मशानभूमीतली, अपार्टमेंटमधली, भूलभुलैयातली आणि जिन्यावरची. पाहताना संवादांइतकेच दोघांमधल्या अंतराकडे लक्ष द्यावे. अपार्टमेंटमध्ये ती आरशासमोर सुरी घेऊन पडलेली असते. ती सुरी जेम्सने ठेवून घ्यावी असे तीच सुचवते, पण त्याने हात पुढे करताच ती घाबरते, सुरी त्याच्यावर रोखते, गयावया करते आणि सुरी तिथेच सोडून निघून जाते. भूलभुलैयातही तो जवळ येऊ लागताच ती त्याला दूर लोटते. वडिलांनी केलेला अत्याचार तिचे शरीर अजून विसरलेले नाही, हे गेमने या दोन हालचालींतून सांगितले आहे.

बहुतेक चाहते कथेला वळण देण्यासाठी जिना निवडतात, कारण तो प्रसंग सर्वांत जास्त जिव्हारी लागतो. माझ्या मते तोवर फार उशीर झालेला असतो. वळण अपार्टमेंटमध्येच द्यावे आणि ते अगदी लहान असावे: जेम्सने हात पुढे करू नये, सुरी टेबलावर ठेवायला सांगावे, दार अडवून उभे न राहता बाजूला व्हावे आणि तिच्या आईविषयी विचारून उत्तराची वाट पाहावी. एवढ्याने ती वाचणार नाही, पण पुढच्या भेटीत ती त्याच्याशी चार वाक्ये जास्त बोलेल, आणि तुमच्या कथेला पुढे जायला तेवढी वाट पुरेशी आहे.

जिन्यावर ती जेम्सला विचारते की तो तिच्यावर प्रेम करील का, तिला सांभाळील का, तिचे दुःख दूर करील का. तो गप्प राहतो. या प्रश्नांना त्याच्याकडून होकार वदवून घेण्याचा मोह टाळावा. ज्याने स्वतःच्या आजारी पत्नीचा जीव घेतला आणि ते स्वतःपासूनही लपवले, त्याच्या तोंडी ते वचन खोटे वाटेल. शिवाय अँजेलाचा बचाव पुन्हा एका पुरुषाच्या मर्जीवर अवलंबून राहील. तिला कधीच न मिळालेली गोष्ट वेगळी आहे. तिच्या आईने दोष तिच्यावरच ढकलला होता, त्यामुळे झाले त्यात तिचा दोष नव्हता हे तिच्यावर विश्वास ठेवून सांगणारे कोणीतरी कथेत हवे. हे ओझे आठ वर्षांच्या लॉरावर टाकू नये. गावाबाहेरची एखादी प्रौढ व्यक्ती आणावी, उदाहरणार्थ परिचारिका किंवा वकील, आणि तिला पुरेशी पाने द्यावीत.

वकील म्हणण्याचे कारण आहे. तिच्या वडिलांच्या खुनाची बातमी गेममधल्या वृत्तपत्रात वाचायला मिळते, आणि तो तिनेच केला असे गेम सूचित करतो. पोलीस, चौकशी आणि न्यायालय यांना पूर्णपणे वगळून तिला थेट उजळ खोलीत नेऊन बसवले, तर ज्याने गेम मन लावून खेळला आहे तो वाचक तिथेच थांबेल. या भागावर मेहनत घेणारे लेखक मला सर्वांत जास्त आवडतात.

बदल दाखवण्यासाठी गावाचाच उपयोग करावा. लॉराला तिथे राक्षस दिसत नाहीत, अँजेलाला सर्वत्र आग दिसते. म्हणजे ज्याच्या मनात जे असते ते गाव त्याच्यासमोर उभे करते. आग एकदम विझवू नका. एखाद्या दिवशी ती फक्त एका खोलीत असावी, आणखी काही महिन्यांनी नुसता धुराचा वास यावा, आणि मधल्या एखाद्या वाईट रात्री ती पुन्हा भडकावी. अँजेलाला रागावू द्यावे, मदत नाकारू द्यावी, कोणाचेही आभार न मानू द्यावेत. अत्याचाराचे वर्णन मात्र करू नये. मूळ गेमनेही तो एका राक्षसाच्या आकारातून आणि भूलभुलैयातल्या एका खोलीच्या भिंतींतून सूचित केला आहे.

कथा चाहत्यांपुढे ठेवताना सुरुवातीलाच लैंगिक अत्याचार आणि आत्महत्येचे विचार यांविषयी स्पष्ट सूचना द्यावी. शेवट सुखाचा आहे हेही तिथेच लिहावे; त्याने उत्कंठा थोडी कमी होईल, पण अँजेलामध्ये स्वतःला पाहणारे वाचक ती सूचना वाचूनच पुढे वाचायचे की नाही हे ठरवतील.